अक्कांना मत लागायचं

“बरं हाय म्हणू नका. बरं हे ताप उतरल्यावर म्हणायचं असतंय. आवडलं का न्हाय, तेवढं सांगा.”

ताट वाढून झालं की अक्का एक पाऊल मागे सरायच्या, हातातली पळी आडवी धरायच्या आणि समोरच्याचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. मग हे वाक्य यायचं. धाराशिवकडच्या वाशीत बदलून आलेले कितीतरी मास्तर, ग्रामसेवक, बँकेतली पोरं या पळीसमोर गडबडून गेलेली मी पाहिली आहेत. माणूस भुकेला असतो, त्याला जेवायचं असतं, परीक्षा द्यायची नसते. पण अक्कांच्या खानावळीत मत दिल्याशिवाय दुसरी भाकरी पानात पडायची नाही. आणि खोटं मत त्यांना लगेच ओळखू यायचं.

मी पोस्टात आहे. गाव परभणीकडचं. वाशीला बदली झाली तेव्हा पहिला प्रश्न जेवणाचा होता. एकटी बाई, खोली भाड्याची, आणि मला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा. बाजारातल्या खानावळीत डोकावले तर सगळीकडे पुरुषांच्या रांगा आणि मोठ्या आवाजातला टीव्ही. शेवटी पोस्टमननेच सांगितलं, आडत बाजाराच्या मागे अक्कांकडे जा, तिथे बायामाणसांना आत स्वयंपाकघरात वाढतात.

अक्कांचे यजमान किराणा दुकान चालवायचे. ते गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि रिकाम्या दुकानात अक्कांनी बाकडी टाकून खानावळ सुरू केली. मागे स्वयंपाकघर, तिथे भिंतीशी एक पाट. तो पाट पुढे कितीतरी वर्षं माझा झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. आपल्याकडे आडनावावरून गाव, गावावरून पाहुणे आणि पाहुण्यांवरून “म्हणजे तुम्ही कोणापैकी” इथपर्यंत लोक कसे पोचतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. अक्कांचे प्रश्न वेगळे होते. खायला काय आवडतं? टीव्हीवर काय बघता? सिनेमा कुठला आवडला? पुस्तकबिस्तक वाचता का? मी दमून आले होते. म्हटलं, मला काहीही चालतं.

“काहीबी म्हशीला चालतंय,” अक्का म्हणाल्या. “माणसाला आवडनिवड असती.”

मला राग आला. मी म्हटलं, मला भोपळ्याची भाजी अजिबात आवडत नाही आणि ती पानात दिसली तर मी उठून जाईन. अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून आतली भोपळ्याची भाजी मला दाखवली, परत झाकली, आणि माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची वाटी पुढे केली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

माणूस आडनावावरून कळत नाही, ताटातलं आधी काय संपवतो त्यावरून कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आमटी आधी ओरपणारा उतावळा, भाजी शेवटी राखून ठेवणारा चिकट, चटणीला बोटही न लावणारा भित्रा. त्यांचे हे अंदाज निम्मे तरी चुकायचे. एका अगदी गरीब स्वभावाच्या कृषी सहायकाला त्यांनी नुसत्या ठेच्यावरून भांडखोर ठरवलं होतं आणि तो बदलून जाईपर्यंत त्या त्याच्याशी जपून बोलत होत्या. पण चुकलं म्हणून मत मागे घ्यायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आमच्या खानावळीत एक सर होते. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे. ढोकीचे, बौद्ध कुटुंबातले, वडील साखर कारखान्यात कामाला होते. त्यांनी पहिल्या दिवशी अक्कांच्या प्रश्नाला “मटण” असं खरं उत्तर दिलं आणि मग अक्कांच्या गळ्यातलं लिंगायतांचं लिंग पाहून त्यांची जीभच अडखळली. अक्का शांतपणे म्हणाल्या, ते इथं मिळायचं नाही, पण कसं लागतं ते सांगा. सरांनी सांगितलं. रस्सा पातळ असतो का, येसराचं भाजकं पीठ घालता का, तिखट कुठलं, अक्का एकेक विचारत गेल्या. सगळं ऐकून त्यांनी निकाल दिला, तुमच्याकडं खोबरं जरा जास्त पडत असंल. आयुष्यात कधी मटणाचं भांडं हाताळलं नाही ती बाई. सरांनी ही गंमत आईला फोनवर सांगितली, तर आईला ती गंमत वाटली नाही. त्यांना म्हणावं आधी खाऊन बघा, मग बोला, असा ढोकीहून निरोप आला. अक्का त्या निरोपावर आठवडाभर हसत होत्या.

पण त्या दिवसानंतर सरांनी मत द्यायचं बंदच केलं. पळीसमोर त्यांचं एकच उत्तर असायचं, “छान आहे.” भाकरी करपली तरी छान, आमटी पाणचट झाली तरी छान. सर वसतिगृहात वाढले होते, तिथे पानात पडेल ते छान म्हणायची सवय लागते. शिवाय दुसऱ्याच्या घरी अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे त्यांच्या आईने लहानपणापासून बजावलेलं होतं. त्या बजावण्यामागे काय काय असेल ते मी इथे उलगडत बसत नाही, तुम्ही समजून घ्याल. अक्कांनाही ते समजत होतं, म्हणूनच ते “छान” त्यांच्या मनाला लागायचं. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, “सर, तुमी अजून माझ्या घरात पाव्हणेच हाव व्हय?” सर हसले आणि म्हणाले, छान आहे, अक्का.

संध्याकाळची पंगत उठली की अक्का टीव्ही लावायच्या. मालिका त्या भक्तीने बघायच्या नाहीत, चोर पकडायला बसल्यासारख्या बघायच्या. मोठा बंगला, दागिने घातलेल्या सुना, आणि त्यातली एक स्वयंपाकघरात उभी. “हिच्या हाताला पीठ न्हाय, पदराला डाग न्हाय, आणि म्हणं पुरणपोळ्या केल्या,” अक्कांचा शेरा यायचा. सोशीक नायिका त्यांना डोळ्यांसमोर नको असायची. कारस्थानं करणारी जाऊ मात्र पडद्यावर आली की त्या सरसावून बसायच्या. मी एकदा विचारलं की ती दुष्ट बाई तुम्हाला कशी काय आवडते. तर म्हणाल्या, बाकीच्या नुसत्या रडतात, काय हवंय ते ही एकटीच सांगते. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. आता थोडं पटतं.

सिनेमाशी मात्र त्यांचं जुनं भांडण होतं, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. अक्कांचं माहेर परंड्याकडचं. सोनारीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि पोरीबाळी बैलगाडीने बघायला जायच्या. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. एका बाजूला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. म्हणजे बायकांना सगळा सिनेमा उलट्या बाजूने दिसायचा. पण हे बायकांना कोण सांगणार? अक्कांना दिसायचं ते एवढंच की सिनेमातला नायक डाव्या हाताने जेवतो, नायिका डाव्या हाताने ओवाळते आणि भटजीसुद्धा डाव्याच हाताने अक्षता टाकतो. सिनेमातल्या लोकांना वळण नाही, असं त्यांचं पक्कं मत झालं. लग्नानंतर यजमानांनी बार्शीला थिएटरात नेलं, तेव्हा पडद्यावरचा माणूस उजव्या हाताने जेवताना पाहून अक्का त्यांना हळूच म्हणाल्या, हा एकटा जरा चांगल्या घरचा दिसतोय. यजमानांना त्याचा अर्थ लागला तेव्हा ते थिएटरात इतके हसले की लोक मागे वळून बघायला लागले. अक्का ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या की पण तंबूतला सिनेमाच जास्त चांगला होता.

पुस्तकं मी पुरवायचे. वाचनालयातून माझ्या नावावर आणलेलं पुस्तक आधी अक्का वाचायच्या. दुपारची भांडी झाली की दाराच्या उंबऱ्याशी बसून, ओठ हलवत, सावकाश. त्यांचा निकष एकच होता. एक जाडजूड, शहाणी समजली जाणारी कादंबरी त्यांनी मला परत दिली आणि म्हणाल्या, “ह्यात कुणी जेवतच न्हाय. एवढा इचार करत्यात, ते उपाशीपोटी?” मी वाद घातला. म्हटलं, जेवण लिहिलं नाही म्हणजे जेवले नाहीत असं थोडंच आहे. त्यांनी ऐकलं नाही. त्या रात्री मी ते पुस्तक स्वतः वाचायला घेतलं आणि माझंही लक्ष सारखं तिकडेच जायला लागलं. ही माणसं खरंच जेवत नव्हती. अक्कांनी माझी कितीतरी पुस्तकं अशी बिघडवली.

अशी ही बाई. आणि एका पावसाळ्यात त्यांना ताप आला.

ताप साधाच होता, गावात सगळ्यांनाच येत होता. आठवडाभर खानावळ बंद राहिली आणि मग पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दुपारी मी पाटावर बसले, अक्कांनी वाढलं, आणि त्या मागे सरकल्याच नाहीत. वळून चुलीकडे बघत राहिल्या. मी आमटीचा घास घेतला. लसूण जळलेला होता, कडू. मी तसं सांगितलं. अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मला चव लागंना, मॅडम. वासबी येईना. फोडणी जळली ते डोळ्यानं बघूनच कळतंय, तवर उशीर हुतो.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहींची परत येते, काहींची येत नाही, वाट बघा. अक्कांनी मीठ चाखून पाहिलं होतं, साखर चाखून पाहिली होती, हिरवी मिरची चावून पाहिली होती. मिरचीने जीभ नुसती भाजली, म्हणाल्या, चव आली नाही. हे सांगताना त्यांनी पदराने डोळे पुसले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी ती कडू आमटी संपवली. तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. जळकी आमटी कशाला खाल्ली, म्हणाल्या. दया आली म्हणून?

खानावळीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, आणि मग जे व्हायचं तेच झालं. सगळे जण एकदम चांगले झाले. इतके दिवस पळीसमोर कुरकुरणारी बँकेतली पोरंही म्हणायला लागली, एकदम मस्त, अक्का. मीठ कमी असलं तरी मस्त, भात गिचका झाला तरी मस्त. अक्का प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायच्या आणि त्यांना काहीच कळायचं नाही. त्यांच्या हाताला जे माहीत होतं त्यावर त्या रांधत होत्या, पण ते बरोबर पडलं का चुकलं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी सांगत होते. पण मी एकटीच, आणि माझ्या बोलण्यावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता, कारण मी मुळातच नावं ठेवणारी आहे हे त्यांना माहीत होतं.

मुलाचा पुण्याहून रोज फोन यायचा. आई, आता पुरे, इकडे ये. दिवाळीनंतर अक्कांनी माझ्याशी तो विषय काढला. येळवस झाली की खानावळ बंद करून पुण्याला जायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, मुलाकडे राहायला आवडेल का तुम्हाला?

“आवडायचं काय,” त्या म्हणाल्या. “काहीबी चालतंय आता.”

ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकले आणि मला भयंकर वाईट वाटलं. चव गेली त्यापेक्षा हे वाईट होतं. मी त्यांना तसं बोलून दाखवलं. त्या पीठ मळत राहिल्या.

येळवस तुमच्याकडे नसेल तर सांगते. आमच्याकडेही नाही. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या म्हणजे या भागातला सगळ्यात मोठा सण. गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, रानाची पूजा करायची आणि मग जो बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. जेवणात मुख्य म्हणजे भज्जी, डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र करून केलेली घट्ट भाजी. शिवाय बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील, ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली. प्रत्येक घराची समजूत असते की भज्जी जमावी ती आपलीच. जिल्ह्याला सुट्टी असते, पोस्टाला नसते. मी रजा टाकली.

अक्कांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं, मला आणि सरांना. सकाळी त्यांच्या घरी गेले तर अक्का आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई टोपली भरत होत्या. अक्का कितीतरी महिन्यांनी खुशीत दिसत होत्या. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या की येळवशीचा स्वयंपाक नैवेद्याचा. पांडवांना दाखवल्याशिवाय कुणी चाखायचा नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. म्हणजे आज वाशी तालुक्यातली कुठलीच बाई चव बघून रांधत नाही. आज सगळ्या माझ्यासारख्याच.

रान गावापासून लांब नव्हतं. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, अक्कांच्या दिरांनी रीतीप्रमाणे कानडी आरोळ्या देत पिकात आंबील शिंपडली आणि पंगत बसली. अक्कांनी स्वतः वाढलं. भज्जीचा पहिला घास मी तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणीच आलं. खारट. नुसतं खारट नाही, गिळवेना इतकं खारट. मी पंगतीवरून नजर फिरवली. दीर खाली मान घालून उंडा चावत होते. शेजारच्या रानातली पाहुणे मंडळी आंबीलीचे घोट घेत होती. कुणीतरी म्हणालं, लई झकास झालीय. दुसरा म्हणाला, दरवर्षीसारखीच. अक्का समोर उभ्या होत्या. पळी हातात होती, पण विचारत काही नव्हत्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

“अक्का, भज्जी खारट झालीय. खाता येत नाही,” सर म्हणाले.

दिरांनी सरांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्याने लगेच माफी मागितली असती. सणाचा दिवस, नैवेद्याचं अन्न, पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस. सरांचे कान लाल झाले होते. पण त्यांनी घास खाली ठेवला होता आणि ते अक्कांच्याच तोंडाकडे बघत होते.

अक्का त्यांच्या पानासमोर खाली बसल्या. “किती खारट? जरा का लई?”

“लई. मीठ दोनदा पडल्यासारखं.”

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्या टाकलं, अक्का. तुमी न्हायला गेला तवा. मला वाटलं, तुमच्या हातनं राहिलं असंल. चाखून बघायचं तर नैवेद्य.”

आता तुम्हाला वाटेल अक्का रागावल्या असतील. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पातेल्यात, त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून कुणी मीठ टाकतं आणि ते चार माणसांत उघड होतं. मलाही तसंच वाटलं. पण अक्का जाऊबाईंकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताच्या पंजाकडे बघत होत्या.

“म्हंजे माझं बराबर हुतं,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. जाऊबाई रडत होत्या. दिरांना काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यांनी खिरीचं भांडं पुढे ओढलं. अक्कांनी सरांच्या पानातली भज्जी स्वतःच्या हाताने काढून घेतली, खीर वाढली, आणि म्हणाल्या, “आज जेवलाव तुमी माझ्या घरी.” सर खाली मान घालून खीर खात राहिले, आणि ती त्यांनी परत मागून घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी काही मागून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुण्याचा बेत त्याच संध्याकाळी रद्द झाला. मुलाला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं की मीठ बरोबर पडतंय, मी येत नाही. तो बिचारा बराच वेळ विचारत होता की कसलं मीठ.

मग नवी पद्धत पडली. पहिली पंगत बसायच्या आधी सर कॉलेजला जाता जाता स्वयंपाकघरात यायचे आणि उभ्याउभ्या सगळं चाखायचे. जो माणूस वर्षानुवर्षं छान म्हणत आला, तो आता थांबेचना. येसर कच्चा लागतोय. डाळीला अजून एक उकळी पाहिजे. वांगं बियाचं निघालंय. मला तर कधीकधी त्यांचा वीट यायचा. बाकीच्यांनीही धडा घेतला, बँकेतली पोरं पुन्हा कुरकुरायला लागली. भांडणं व्हायला लागली. एकाला तिखट हवं, एकाला नको, आणि अक्का मधे उभ्या राहून सगळ्यांना गप्प करत होत्या. खानावळीला पुन्हा आवाज आला. जाऊबाईही रोज दुपारी मदतीला यायला लागल्या, आणि मिठाच्या बरणीला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायला लागल्या.

मालिका बघताना मात्र अक्कांनी माझं मत कधीच मागितलं नाही. तिथे त्यांचं त्यांना पुरत होतं.

मध्ये एकदा नाकाला वास यायला लागला, पण भलताच. खव्याला साबणाचा वास, कोथिंबिरीला रॉकेलचा. अक्का घाबरल्या. मी म्हटलं, चुकीचा का होईना, येतोय ना. त्यांनी त्यावर विचार केला आणि म्हणाल्या की हेही तुझं खरं आहे. मी “मॅडम”वरून “तू”वर कधी आले ते मला आठवत नाही, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आता माझी धाराशिवला बदली झाली आहे. इथे खानावळ चांगली आहे. ताट येतं, जेवण होतं, मी उठते. अक्का वाशीतच आहेत आणि सर तिथेच जेवतात, असं फोनवर कळतं. जायचं जायचं म्हणते आणि रविवार निघून जातो. पण त्यांची आठवण आली की मला खानावळ दिसत नाही, तर संक्रांतीनंतरची एक दुपार दिसते.

मी आणि अक्का त्यांच्या रानात गेलो होतो. हरभरा गुडघ्याला लागत होता, घाटे नुकतेच धरू लागले होते. अक्का पुढे, मी मागे. जाताजाता त्यांनी हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडला आणि तोंडात टाकला. बांधावरून चालणारी इथली प्रत्येक बाई हे करते, त्यात मुद्दाम काही नसतं. दोनतीन पावलं गेल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं पायात काटा गेला.

त्यांनी दुसरा शेंडा खुडला, तोही तोंडात घातला. डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून एक शेंडा माझ्यासमोर धरला. “तू सांग,” म्हणाल्या. “मला खरंच लागतंय का नुसतं वाटतंय, तू खाऊन सांग.”

हरभऱ्याचा पाला कसा लागतो हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. तोंडात टाकला असता आणि एका शब्दात सांगितलं असतं, तर त्यांनी मानलं असतं. पण मी हात मागे घेतला. म्हटलं, अक्का, तुम्हीच सांगा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग आला असावा. मग तोच शेंडा त्यांनी पुन्हा स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावला, उंबऱ्याशी बसून पुस्तक वाचायच्या तसे ओठ हलवत. वारा होता. हिरवा रस त्यांच्या हनुवटीवर आला होता, तो त्यांनी पुसला नाही.

“आंबट हाय,” त्या म्हणाल्या. “आणि मला आवडतंय.”

आणि पुढच्या सरीत शिरल्या, दोन्ही हातांनी शेंडे खुडत.